छापखाना, सह्या आणि रविवार

रुस्ताकला आपली सुट्टी शुक्रवारची. मुंबईतली रविवारची, ती गिरणी कामगारांना कशी मिळाली, हे मुलांना सांगण्याजोगे आहे. आज मोबाईलवरचा निरोप क्षणात शंभर घरी जातो. तेव्हा हे काम छापखान्याने केले.

कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक विचारांचे पत्र काढले. पैशाअभावी ते थांबले, तेव्हा १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले. लोखंड्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. कामगारांचे हाल त्यांना ऐकीव नव्हते. बहुतेक कामगार निरक्षर, पण एकाने वाचायचे नि दहांनी ऐकायचे, ही त्या काळची रीतच होती.

१८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवून सरकारच्या फॅक्टरी कमिशनसाठी अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अपघात झाल्यास मदत, एवढेच मागणे. खाली सुमारे साडेपाच हजार सह्या! नुसत्या लेखांपेक्षा आम्हांला या सह्यांचेच मोल जास्त वाटते. पण मालक ढिम्म.

सहा वर्षे गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना वारले. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कोणाच्या संग्रहात असल्यास पुढच्या बैठकीला जरूर आणावे.