सेलवर विश्वास किती ठेवायचा?

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या एखाद्या घरात पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे सेल किती असतील? मोबाइल, टॉर्च, डास मारायची रॅकेट, इन्व्हर्टर, एखाद्या दारात विजेवरची स्कूटर. मोजायला बसलं तर आकडा सहज पाच-सातच्या पुढे जातो. प्रत्येकावर काही आकडे छापलेले असतात: किती व्होल्ट, किती मिलिअँपिअर-तास. आपण ते खरे धरून चालतो. पण सेल भरवशाचा आहे की नाही हे ठरवायचं कसं? या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली बरीच पानं फसलेल्या सेलांनी भरलेली आहेत.

किती टिकेल?

पुन्हा चार्ज होणारा पहिला उपयुक्त सेल फ्रान्समध्ये गास्तों प्लाँते याने १८५९ साली बनवला. शिसं आणि गंधकाम्ल वापरणारा हा सेल सुधारून आजही इन्व्हर्टरमध्ये काम करतो. पण तो जड होता. विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी हलका आणि टिकाऊ सेल हवा म्हणून एडिसनने निकेल आणि लोखंड वापरून सेल तयार केला. तो बाजारात आला आणि लवकरच तक्रारी सुरू झाल्या. काही सेल गळत होते, काहींची क्षमता महिन्यामहिन्याला घटत होती. १९०४ साली एडिसनने उत्पादन थांबवलं. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहावी म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळलेलं होतं, आणि तेच हळूहळू खराब होत होतं. त्याजागी निकेलचे अतिशय पातळ कपटे वापरून सुधारलेला सेल १९०९ साली आला. तो पुढे अनेक दशकं रेल्वेत आणि खाणींत वापरला गेला.

यातून एक गोष्ट कळली. नवा सेल उत्तम चालला म्हणून तो भरवशाचा ठरत नाही. सेल म्हणजे चालू असलेली रासायनिक क्रिया. तिच्यासोबत नको असलेल्या इतर क्रियाही चालतात आणि तापमान वाढलं की त्या वेग घेतात. वर्ध्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी लवकर का थकते, याचं उत्तर यातच आहे.

कसा बिघडेल?

लिथियम आलं आणि प्रश्न बदलला. लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याच्या सेलात थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठते. पण चार्ज करताना धातूच्या पृष्ठभागावर लिथियमचे सुईसारखे अंकुर फुटतात. ते वाढत जाऊन दोन ध्रुवांमधला पातळ पडदा भेदतात आणि सेलच्या आतच शॉर्ट सर्किट होतं. १९८९ साली जपानमध्ये कॅनडाच्या मोली एनर्जी या कंपनीचे असे सेल असलेल्या मोबाइल फोनच्या बाबतीत हाच धोका समोर आला आणि ते सेल परत घ्यावे लागले.

जपानमध्येच अकिरा योशिनो यांनी वेगळी वाट धरली होती. त्यांनी धातुरूप लिथियम टाळून कार्बन वापरला. लिथियमचे आयन कार्बनच्या थरांत शिरतात आणि बाहेर पडतात. १९८६ साली त्यांनी सेलवर लोखंडाचा जड ठोकळा पाडून पाहिला. धातुरूप लिथियमचा सेल भडकला, नव्या सेलने पेट घेतला नाही. ही चाचणी यशस्वी झाली तोच लिथियम-आयन सेलचा जन्मक्षण, असं योशिनो मानतात. १९९१ साली सोनी कंपनीने असे सेल विकायला आणले आणि २०१९ साली योशिनो, गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इथे परीक्षेचा रोख बदललेला दिसतो. सेल किती चालतो याआधी तो मोडताना कसा वागतो, हे पाहिलं गेलं.

दहा लाखांत चोवीस

तरीही अडचण उरतेच. २०१६ साली सॅमसंगचा नोट-७ हा फोन पेट घेऊ लागला. दहा लाख फोनमागे सुमारे २४ सदोष असल्याचं कंपनीने सप्टेंबरमध्ये सांगितलं. आता गणित करून पाहू. विक्रीआधी कोणी १००० फोन तपासले असते, तर त्यात एकतरी सदोष फोन सापडण्याची शक्यता शंभरात जेमतेम अडीच! म्हणजे हजारच्या हजार फोन उत्तीर्ण झाले असते आणि तरीही अनेक घरांत धोका पोचला असता. दुसऱ्या पुरवठादाराचे सेल घातलेले बदली फोनही पेटले. पुढे दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्यावर कळलं की दोन पुरवठादारांच्या सेलांत दोन वेगळे दोष होते.

परदेशात ई-सिगारेटच्या बाबतीत धोका आणखी उघडा दिसला. अमेरिकेत २००९ ते २०१६ या काळातल्या अशा आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना अग्निशमन प्रशासनाने नोंदवल्या. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात आणि विक्री यांवर बंदी आहे. मात्र त्यातल्या अनेकींत वापरला जाणारा १८६५० हा सेल आपल्या टॉर्चमध्येही असतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी म्हणून हे नाव. ई-सिगारेटमधली तार ०.२ ओहमची असेल, तर ओहमच्या नियमानुसार ३.७ व्होल्टला १८ अँपिअरहून जास्त प्रवाह लागेल. सेल १० अँपिअरसाठीच बनवला असेल तर तो तापणारच. शिवाय बाजारात जुन्या सेलांवर नवं वेष्टण चढवून '९८०० मिलिअँपिअर-तास' असं छापलेलं आढळतं. या आकाराच्या चांगल्या सेलात साधारण २००० ते ३६०० एवढंच मावतं. त्यामुळे असा आकडा वाचूनच सेल नापास करता येतो.

पुण्याची आग आणि नवे नियम

२६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेवरच्या स्कूटरने पेट घेतला. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटून सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. देशात इतरत्रही अशा आगी लागल्या होत्या. केंद्र सरकारने चौकशी केली आणि दुचाकींच्या बॅटरीसाठीचं 'ए.आय.एस. १५६' हे मानक कडक केलं. हादरे, उंचावरून पाडणं, बाहेरून शॉर्ट सर्किट आणि प्रमाणाबाहेर चार्जिंग अशा चाचण्या त्यात आहेत. शिवाय एक सेल पेटला तर शेजारच्या सेलांचं काय होतं, हेही पाहिलं जातं. योशिनोंनी पाडलेल्या ठोकळ्याचाच हा पुढचा अध्याय आहे.

वर्गात करून पाहू

लिथियमचा सेल वर्गात उघडू नये, ठोकू नये, त्याचं शॉर्ट सर्किटही करू नये. मात्र निकेल-मेटल हायड्राइडचा बारीक पेन्सिल सेल प्रयोगाला चांगला आहे. १.२ व्होल्टचा, ८०० मिलिअँपिअर-तास लिहिलेला सेल त्याच्याच चार्जरवर पूर्ण चार्ज करावा. त्याला अर्ध्या वॅटचा ६ ओहमचा रोध जोडावा. प्रवाह सुमारे २०० मिलिअँपिअर येईल. दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज टिपावं आणि ते १ व्होल्टवर आलं की थांबावं. छापलेला आकडा खरा असेल तर साधारण चार तास लागतील. अडीच तासांतच सेल संपला तर खरी क्षमता ५०० च्या आसपास.

एकाच पाकिटातल्या चार सेलांचे आलेख एका कागदावर काढावेत. चारही रेषा एकमेकींवर बसतात का? सहा महिन्यांच्या वापरानंतर हाच प्रयोग पुन्हा केला तर रेषा किती सरकल्या? पहिला कागद तारीख घालून जपून ठेवावा. पुढची तुकडी दुसरा आलेख काढेल, तेव्हा तो लागणार आहे.