वैनगंगेकाठचा मोगली

१९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ ही चित्रमालिका सुरू झाली, तेव्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातली सगळी मुले शेजारच्या एका घरात दाटीवाटीने बसत. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. साहजिकच ही मालिका मुळात जपानी आहे, अशी शंकाही कुणाला आली नाही. मोगलीसोबत किची नावाचा लहानसा लाल पांडा असे. हा प्राणी पूर्व हिमालयातला. सातपुड्यात तो सापडत नाही. पण तेही कुणाच्या ध्यानात आले नाही. रान म्हणजे कुठले तरी दूरचे, एवढीच आमची समजूत होती.

आज मागे वळून पाहताना या कथेचा प्रवास विलक्षण वाटतो. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत असत. मोगलीच्या कथा मात्र त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये राहत असताना लिहिल्या. त्यांची पुस्तके १८९४ आणि १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८९ मध्ये ‘निप्पॉन ॲनिमेशन’ने त्यांवरून ५२ भागांची मालिका काढली आणि हिंदीचा पोशाख चढवून ती आपल्याकडे आली. बालू, शेरखान, अकेला ही नावे मुळात इथलीच. इंग्रजी वाचकाला ‘अकेला’ म्हणजे एकटा हे समजावून सांगावे लागते. वाड्यातल्या मुलांना ते सांगावे लागले नाही. पुस्तकातल्या लांडगिणीचे नाव ‘रक्षा’. किपलिंग त्याचा अर्थ राक्षसी असा देतो, तर मराठी वाचकाला त्यात रक्षण ऐकू येते. शेरखानपुढे मोगलीला पाठीशी घालणाऱ्या त्या आईला आपलाच अर्थ अधिक शोभतो, असे मला वाटते.

नावांप्रमाणे रानही जवळचेच आहे. किपलिंगच्या टेकड्या सिवनीच्या आणि नदी वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात उगम पावून ही नदी भंडारा, गडचिरोलीकडे उतरते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. म्हणजे मोगलीच्या नदीचा बराचसा प्रवाह महाराष्ट्रातून जातो. तरीही पुण्यातल्या मुलांना ते रान अमेरिका आणि जपान या वळणांनी भेटले.

दूरच्या वाटेने आलेली गोष्ट वाटेतल्यांच्या समजुती बरोबर आणते. किपलिंगच्या रानात कायदा सर्वांत मोठा. ‘इन द रुख’ या १८९३ च्या कथेत तर मोठा झालेला मोगली इंग्रजांच्या वनखात्यात नोकरीला लागतो. या कायद्याबाहेर आहेत ती फक्त माकडे, ‘बंदरलोग’. त्यांना नेता नाही, स्मरण नाही, हाती घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी नाही. आहे ती केवळ बडबड. या चित्रात अनेक समीक्षकांना स्वराज्याची भाषा बोलू लागलेल्या सुशिक्षित हिंदी माणसाची टवाळी दिसली आहे. मालिका पाहताना आम्ही त्या माकडांना मनसोक्त हसलो. आपण कुणाला हसतो आहोत, हे समजण्याचे ते वय नव्हते.

याचे एक उत्तर मराठीत, तेही पुण्यात, मालिकेच्या अकरा वर्षे आधीच लिहिले गेले होते. पुणे आकाशवाणीत नोकरी करणारे व्यंकटेश माडगूळकर वैनगंगेच्याच खोऱ्यातल्या नागझिऱ्याला जाऊन राहिले, वानरांच्या टोळ्या न्याहाळत बसले. त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी १९८२ मध्ये आली आणि १९८३ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातल्या वानरांना हद्द आहे, नेता आहे, नात्यांची उतरंड आहे आणि सत्तेसाठी जिवावरचा झगडाही आहे. माडगूळकर त्यांचे गोडवे गात नाहीत आणि त्यांना विदूषकही करत नाहीत. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळ वानरांचा अभ्यास करून टोळीतला सत्तापालट आणि त्यानंतर होणारी पिलांची हत्या यांची नोंद केली होती. जपानी चित्रकारांनी आपले रान कल्पनेने रंगवले, त्याच्या पंचवीसएक वर्षे आधी एका जपानी माणसाने ते प्रत्यक्ष पाहिले होते, हे इथे आठवते.

म्हणून किपलिंगला अभ्यासक्रमातून हद्दपार करावे, असे मी म्हणणार नाही. रक्षाचे मातृत्व किंवा माणूस आणि रान यांमध्ये ओढला जाणारा मोगली, यांचा जिव्हाळा आजही ओसरलेला नाही. पण ‘जंगल बुक’ शिकवताना ‘सत्तांतर’ शेजारी ठेवावे. एकाच नदीच्या खोऱ्यातली माकडे एका लेखकाला कायद्याविना का दिसली आणि दुसऱ्याला त्यांची व्यवस्था कशी दिसली, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडावा. त्या रविवारी आम्हांला तो कुणी विचारला असता, तर आम्ही हसलो असतोच. पण नकाशात वैनगंगाही शोधली असती.