पदकांवरचे राजे

जुनी स्मृतिपदके जमविणाऱ्याला पहिली भुरळ पडते ती चेहऱ्यांची. फ्रान्सच्या राजांची एक पदकमालिका लुई फिलिपच्या कारकिर्दीत (१८३०-१८४८) पॅरिसच्या टांकसाळीत निघाली. ठसे आर्मां काके या कारागिराने कोरले. आरंभ फारामों राजापासून. चेहरा इतका ठसठशीत, की राजाला समोर बसवूनच कोरला असावा! आता या फारामोंचे नाव प्रथम आढळते ते इ. स. ७२७ च्या एका बखरीत, म्हणजे त्याच्या मानलेल्या काळानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. इतिहासकार त्याला दंतकथेतच बसवितात. मग टांकसाळीने त्याचा मुखडा आणला कोठून? कल्पनेतून, दुसरे काय? लुई फिलिप १८३० च्या क्रांतीने गादीवर आलेला. प्राचीन राजांशी नाते जोडण्याची निकड त्यालाच अधिक. १८३७ साली त्याने व्हर्सायच्या राजवाड्यात इतिहासाचे संग्रहालय उघडले, तेही याच ओढीने, असे आम्हांस वाटते.

म्हणून संग्राहकाने चेहऱ्याआधी पदकाची कड पाहावी. दिव्याची खूण असेल तर ते १८३२ ते १८४१ मधले. बोट दाखविणारा हात असेल तर १८४५ ते १८६० मधले. १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग दिसते. ठसे तेच, पदक मात्र पुढे पुन्हा पाडलेले. विक्रेते ही कड सहसा आपण होऊन दाखवीत नाहीत.

त्या काळच्या राजाचा खरा चेहरा पाहावयाचा तर शिल्देरिककडे वळावे. तो क्लोव्हिसचा बाप, इ. स. ४८१ च्या सुमारास वारला. १६५३ मध्ये तूर्ने गावी एका मुक्या-बहिऱ्या गवंड्याच्या कुदळीखाली त्याची कबर लागली. तीत सोन्याच्या सुमारे तीनशे मधमाश्या होत्या आणि एक मुद्रेची अंगठी: लांब केसांचा, हाती भाला घेतलेला राजा, भोवती त्याचे नाव. लांब केस ही त्या घराण्याची राजखूणच. केस कापले की राजपदही गेले! ही अंगठी पुढे पॅरिसच्या राजग्रंथालयात आली आणि नोव्हेंबर १८३१ मध्ये चोरीस गेली. काकेची पदके निघाली त्याच दशकात. मधमाश्यांपैकी दोनच उरल्या. अंगठी परत मिळाली नाही. तिचे छाप मात्र कोणी आधीच घेऊन ठेवले होते, ते आजही आहेत.