शिशाकडून तांब्याकडे : वऱ्हाडच्या शिकारीतील गोळीची निवड

वाशीम जिल्ह्यातील केनवड हे रिसोड तालुक्यातील गाव वऱ्हाडच्या बालाघाटात, म्हणजे दक्षिणेकडील पठारी भागात मोडते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला जो भाव चढला त्याने माळरानांवर नांगर फिरविला. रान मागे सरले. रोही, काळवीट व रानडुक्कर मात्र पिकांच्या कडेला राहिले. येथील शिकारीचा इतिहास लिहिताना बहुधा वाघांची गणती आणि साहेबांच्या मुक्कामांची वर्णने पुढे येतात. ज्या वस्तूने जनावर पडले त्या गोळीचा विचार क्वचितच होतो. वास्तविक गोळी कोणत्या धातूची असावी, या प्रश्नात शिकारीविषयीची त्या त्या काळाची सारी दृष्टी सामावलेली आहे.

स्थानिक शिकारीत गोळीला फारसे स्थान नव्हते. फासेपारधी आपल्या नावाप्रमाणे फाशावर विसंबत. गावकऱ्याच्या हाती आलीच तर ठासणीची बंदूक असे, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर तिलाही परवाना लागू लागला. गोळीच्या निवडीचा ऊहापोह झाला तो साहेबांच्या वर्तुळात.

त्या वर्तुळात कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचे नाव प्रथम घ्यावे लागते. वऱ्हाडाला लागून असलेल्या निमाडात त्याने जमाबंदी अधिकारी म्हणून काम केले. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील त्याचा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर त्याने त्यापूर्वीच स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्याचा आग्रह शिशाच्या वाटोळ्या गोळीचा, भरपूर दारूचा आणि नळीतील आट्यांच्या अत्यंत मंद पिळाचा होता. आठ फुटांहून अधिक लांबीत एक फेरा, इतका तो पीळ मंद असे. वाटोळी गोळी फार फिरवावी लागत नाही, आणि मऊ शिसे वेगाने फिरविले तर आट्यांवरून घसरते, हे त्यामागील कारण. सॅम्युअल बेकर याने १८९० च्या आपल्या पुस्तकात वाघासाठी शुद्ध शिशाची भरीव गोळी सुचविली. ती देहात चपटी व्हावी, पण फुटू नये आणि पलीकडच्या कातडीखाली थांबावी, ही त्याची अपेक्षा. हत्तीसारख्या जाड हाडाच्या जनावरासाठी मात्र शिशात कथील वा पारा मिसळून ते कठीण करण्याची चाल होती. सारांश, मऊ गोळी पसरते पण खोल जात नाही, आणि कठीण गोळी खोल जाते पण पसरत नाही, हा पेच त्या पिढीने सोडविला नाही. जनावराप्रमाणे गोळी बदलून तो टाळला एवढेच.

धूरविरहित दारूने हा पेच अधिकच बिकट केला. वाढलेल्या वेगात नुसते शिसे नळीतच पुसले जाऊ लागले. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ट रुबिन याने शिशावर तांब्याचे आवरण चढविले. तांबे गोळीत शिरले ते असे, नळीच्या सोयीसाठी. पुढे कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात आवरणाचे टोक उघडे ठेवून पसरणारी गोळी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग येथील घोषणेने युद्धात अशा गोळीचा निषेध झाला. ती घोषणा माणसांपुरती होती; शिकाऱ्यांनी उघड्या टोकाची गोळी निर्वेधपणे चालू ठेवली. फ्रान्सने १८९८ मध्ये संपूर्ण गोळीच तांबे-जस्ताच्या मिश्रधातूची केली होती, पण ती सैनिकी होती आणि पसरत नसे. अखंड धातूची गोळी शिकारीच्या कामाची व्हावयास आणखी नव्वद वर्षे जावी लागली.

१८९९ नंतर ज्या प्रश्नाचा ऊहापोह व्हावयास हवा होता तो कोणी केलाच नाही : फुटलेले शिसे जाते कोठे? वेगवान गोळीचे शिसे देहात बारीक कणांच्या रूपाने जखमेपासून दूरवर पसरते, हे क्ष-किरणांनी दिसून आले आहे. ते मांसाबरोबर माणसाच्या पोटात जाते, आणि टाकून दिलेल्या आतड्यांबरोबर पक्ष्यांच्या. कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडांच्या विषबाधेमुळे तेथे २००७ मध्ये त्यांच्या प्रदेशापुरती आणि १ जुलै २०१९ पासून सर्व राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर बंदी आली. (भारतीय गिधाडांच्या ऱ्हासाचे मुख्य कारण मात्र जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध होते, दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.)

१९८९ मध्ये अमेरिकेतील बार्न्स या कारखान्याने पोकळ टोकाची अखंड तांब्याची गोळी विक्रीस आणली. टोक चार पाकळ्यांत उमलते, बुंधा अभंग राहतो, आणि वजन जवळजवळ घटत नाही. बेकरची अपेक्षा येथे पुरी झाली, तीही शिशावाचून. परंतु तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४; तेव्हा त्याच जाडीची व वजनाची तांब्याची गोळी शुद्ध शिशाच्या गोळीच्या सुमारे सव्वापट लांब होते. लांब गोळीला जलद पीळ लागतो. म्हणजे फोर्सिथच्या मताच्या नेमके उलट. म्हणून निवडणारा थोडी हलकी गोळी घेतो आणि वेग वाढवितो. वेग फार उतरला तर पाकळ्या उमलत नाहीत, ही तिची मर्यादा.

वऱ्हाडात ही गोळी उशिराच निघाली. वाघाची शिकार १९७० मध्ये बंद झाली होती, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचा काळच संपविला. तरी त्याच कायद्याच्या ११ व्या कलमाने उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर परवानगीने मारता येते, आणि रोही व रानडुक्कर यांच्याबाबत विदर्भात हा प्रश्न पुनः पुनः उठतो. असे जनावर शासनाच्या मालकीचे ठरते, मारणाऱ्याच्या नव्हे. त्याचे मांस ताटात यावयाचे नाही. पण जखमी होऊन दूर नाल्यात पडलेल्या रोह्याला तरस आणि कोल्हे हे कलम विचारीत नाहीत.

येथे निवड शिकाऱ्याच्या हाती फारशी नाही. परवान्यावर मिळणारी प्रचलित देशी रायफल ०.३१५ इंचाची, इच्छापूरच्या कारखान्याने ती रूढ केली आणि तिचे काडतूस पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आले आहे. त्याची गोळी उघड्या टोकाची, तांबूस आवरणाची, आणि आत शिशाचीच.