पियानोचा पाय आणि आमच्या बाथरूमचा ढाळ

वास्तुशांत होऊन बरोब्बर अकरा दिवस झाले होते. शनिवारची सकाळ, हातात चहाचा कप आणि नव्या पडद्यांकडे कौतुकानं बघणं चालू होतं. बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू.

"अरे, जरा खाली येऊन बघतोस का? आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय."

खाली गेलो. छतावर ताटाएवढा पिवळट डाग, मधोमध सुटलेले पोपडे आणि दर दहा-बारा सेकंदांनी पडणारा एक थेंब. जागा अर्थातच आमच्या नव्याकोऱ्या बाथरूमच्या बरोबर खाली.

तर थोडी पार्श्वभूमी. फ्लॅट रीसेलचा, पंचवीसेक वर्षं जुना. "पंचेचाळीस दिवसांत चावी हातात" असं सांगून सुरू झालेलं काम चार महिने चाललं. राहायला आल्यावर मी आणि बायकोनं सवयीप्रमाणे एक्सेलमध्ये बग-लिस्ट केली. एकतीस नोंदी झाल्या! बाथरूमचा ढाळ जाळीकडे नसून दाराकडे. हॉलमधल्या चार टाइल ठोकल्या की पोकळ वाजतात. बेडरूममधला स्विचबोर्ड कपाटाच्या दारामागे, म्हणजे पंखा लावायचा तर आधी कपाट बंद करा. आता बत्तिसावी नोंद थेट काकूंच्या छतावर.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो शांतच. "साहेब, नवीन काम आहे, होतं असं. टाइलच्या फटींत केमिकल भरून देतो, खालच्यांच्या छताला वॉटरप्रूफ रंग मारतो. दोन दिवसांत विषय संपला." दुसरा पर्याय म्हणजे सगळं फोडायचं. नव्या टाइल गेल्या, पंधरा-वीस दिवस बाथरूम बंद, आणि बँकेतलं जे काही उरलं होतं तेही साफ. शिवाय घरात आई, तिचे गुडघे दुखतात, ती कुठे जाणार?

त्या रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडून काहीबाही वाचत बसलो आणि एका जुन्या फोटोपाशी अडकलो. साल १९५०. चारी बाजूंनी जुन्या दगडी भिंती, त्यांत खिडक्यांची भोकं, आणि आत काहीच नाही. मजले नाहीत, जिने नाहीत. तळाशी मातीत एक बुलडोझर. ती इमारत म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं घर, व्हाइट हाउस.

म्हटलं, आपण तर फक्त बाथरूमचं रडतोय. मग पुढचे दोन वीकेंड त्या घराच्या मागे लागलो.

या घराची तक्रारवही पहिल्या दिवसापासूनच सुरू होते. जेम्स होबान या आयरिश वास्तुविशारदाच्या आराखड्यावर १७९२ साली काम सुरू झालं. १ नोव्हेंबर १८०० रोजी जॉन अ‍ॅडम्स राहायला आले तेव्हा घर अर्धवटच होतं. दोनेक आठवड्यांनी त्यांची पत्नी अ‍ॅबिगेल पोचली. तिनं मुलीला लिहिलेल्या पत्रात सगळा पाढा वाचलाय. एकही दालन पूर्ण नाही, नोकरांना बोलवायला घंटा नाहीत, दमटपणा जावा म्हणून शेगड्या सतत पेटत्या ठेवाव्या लागतात. ज्या भव्य हॉलमध्ये पुढे मोठमोठे समारंभ व्हायचे, तिथे ती कपडे वाळत घालत होती. पत्रात एक ताकीदही आहे. हे सगळं तुझ्यापाशीच ठेव, कुणी विचारलंच तर आईला जागा फार आवडली असं सांग! वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना "छान झालंय हो काम" म्हणताना माझ्या बायकोचा चेहरा अगदी असाच असणार.

१८१४ साली ब्रिटिश सैन्यानं हे घर जाळलं. होबानलाच पुन्हा बोलावलं आणि १८१७ साली जेम्स मन्रो राहायला आले. दगडी भिंती बऱ्याचशा जुन्याच राहिल्या. पुढच्या शंभर वर्षांत जे झालं ते आपल्यापैकी प्रत्येकानं आपापल्या हापिसात पाहिलेलं आहे. दर चार-आठ वर्षांनी नवा मालक आणि प्रत्येकाचं एक नवं फीचर. १८३३ साली नळाचं पाणी आलं, १८४८ साली गॅसचे दिवे, १८८१ साली लिफ्ट, १८९१ साली वीज. (विजेचा तेव्हाच्या अध्यक्षांना, बेंजामिन हॅरिसन यांना, इतका धसका होता की ते आणि त्यांची पत्नी बटणाला हातच लावत नसत.) प्रत्येक वेळी प्लंबर किंवा वायरमन यायचा, लाकडी तुळईत खाच पाडायचा, पाइप सरकवायचा आणि वरून फळी ठोकून निघून जायचा. त्याचं त्याचं काम चोख. पण एकाच तुळईत आपल्याआधी कितीजणांनी खाचा पाडल्यात हे मोजणं कुणाच्याच कामात नव्हतं.

मग आली दोन मोठी नूतनीकरणं. १९०२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी चार्ल्स मॅकिम या नामवंत वास्तुविशारदाला बोलावलं. जेवणाचं मोठं दालन आणखी मोठं हवं होतं. त्यासाठी पश्चिमेचा जिना काढला, भार घेणारी भिंत काढली आणि वरच्या मजल्याचा भार माळ्यावरच्या पोलादी कैच्यांना टांगला. सगळं काही महिन्यांत उरकलं, कारण अध्यक्षांना घर परत हवं होतं. १९२७ साली, कूलिज यांच्या काळात, छप्पर बदलायची वेळ आली तेव्हा माळ्याचा पूर्ण तिसरा मजला केला. पोलाद आणि काँक्रीटचा. मजला उत्तम झाला, फक्त त्याचं वजन खालच्या जुन्या भिंतींवर आलं. आणि आतल्या त्या विटांच्या भिंती मऊ चिकणमातीवर, पुरेशा पायाशिवाय उभ्या होत्या.

थोडक्यात, वरचं टांगलेलं, मधलं खाचांनी पोखरलेलं आणि खालचं खचणारं. आणि बाहेरून मात्र शुभ्र पांढरा रंग.

हॅरी ट्रुमन १९४५ साली अध्यक्ष झाले. समारंभांत डोक्यावरची झुंबरं किणकिणतात, जमीन हलते, बाथटब हळूहळू खाली रुततोय, हे त्यांच्या लक्षात यायला लागलं. गंमत म्हणजे याच काळात त्यांना दुसऱ्या मजल्यावर बाल्कनी हवी होती! कलाविषयक सरकारी आयोगाचा विरोध, वर्तमानपत्रांतून टीका, तरी ती १९४८ साली बांधून झालीच. वीस डॉलरच्या नोटेवर या घराचं चित्र असतं, त्यातही ती बाल्कनी घालावी लागली. घर आतून खचतंय आणि मालक बाल्कनीत रमलेत. मला हसू आलं, पण जास्त हसता येईना, कारण आमच्या बजेटमधला सगळ्यात मोठा आकडा मॉड्युलर किचनचा होता आणि वॉटरप्रूफिंगचा कॉलम "कॉन्ट्रॅक्टर बघेल" असा होता.

१९४८ च्या उन्हाळ्यात ट्रुमन यांच्या मुलीच्या, मार्गारेटच्या खोलीतल्या पियानोचा एक पाय जमीन फोडून खालच्या जेवणघराच्या छतात उतरला. तपासणी आधीच चालू होती, आता कुणाला शंका उरली नाही. ते निवडणुकीचं वर्ष होतं, त्यामुळे घर किती वाईट अवस्थेत आहे हे मतदान होईपर्यंत लोकांपर्यंत पोचू दिलं नाही. अ‍ॅबिगेलची ताकीद दीडशे वर्षांनंतरही पाळली जात होती म्हणायची. ट्रुमन निवडून आले आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये समोरच्याच ब्लेअर हाउसमध्ये राहायला गेले.

१९४९ साली आयोग नेमला. पर्याय तीन होते. सगळं पाडून नवं बांधायचं, किंवा बाहेरचे दगड सुटे करून पुन्हा रचायचे, किंवा बाहेरच्या भिंती उभ्याच ठेवून आतलं सगळं काढायचं. शेवटी तिसरा, सगळ्यात किचकट पर्याय निवडला. दगडी भिंतींखाली काँक्रीटचा नवा खोल पाया घेतला, खाली तळघरं काढली आणि आत पोलादी सांगाडा उभा केला. आत यंत्र न्यायचं तर भिंतीला मोठं भगदाड पाडावं लागणार होतं. ट्रुमन यांनी नकार दिला. मग बुलडोझर सुटा करून आत नेला आणि आत जोडला. माझ्या फोटोतला तो हाच.

हे करताना सगळं सुरळीत झालं असं अजिबात नाही. मुदत टळली. मंजूर ५४ लाख डॉलर पुरले नाहीत, खर्च ५७ लाखांच्या वर गेला. जेवणाच्या मोठ्या दालनातलं ओकचं नक्षीदार लाकूडकाम काढताना खराब झालं. परत बसवल्यावर जोड दिसायला लागले, म्हणून त्यावर सरळ फिकट हिरवा रंग मारला. फर्निचरला पैसे जेमतेमच उरले, तेव्हा बरंचसं सामान एका डिपार्टमेंट स्टोअरमधून आलं. आतल्या अनेक जुन्या, मौल्यवान गोष्टी परत लागल्याच नाहीत, भरावात गेल्या. आज जतन करणारे लोक यावर हळहळतात आणि ते बरोबरच आहे.

आणि किंमत फक्त पैशांची नव्हती. ब्लेअर हाउस थेट रस्त्यावर होतं, तिथे संरक्षण अवघड. १ नोव्हेंबर १९५० रोजी दोन हल्लेखोरांनी ट्रुमन यांना मारण्यासाठी तिथे गोळीबार केला. लेस्ली कॉफेल्ट हा पोलिस त्यात मारला गेला. जॉन अ‍ॅडम्स त्या अर्धवट घरात राहायला आल्याला त्या दिवशी बरोबर दीडशे वर्षं झाली होती.

२७ मार्च १९५२ रोजी ट्रुमन घरी परतले. २० जानेवारी १९५३ रोजी त्यांची मुदत संपली. म्हणजे सव्वातीन वर्षांहून जास्त काळ बाहेर काढून त्यांना नवं घर मिळालं ते दहा महिनेसुद्धा नाही. या तारखांची वजाबाकी मी दोनदा केली. त्यांच्याआधी कित्येकांनी त्याच घरात सुखानं दिवस काढले होते, कारण प्रत्येकानं आपल्या मुदतीपुरतं भागवलं. १९०२ आणि १९२७ सालचे लोक अडाणी किंवा चोर नव्हते. त्यांनी आपल्याला सांगितलेलं काम केलं, खालचं काय आहे हे उघडून बघण्याची पाळी पुढच्याची. ती सरकत सरकत ज्याच्या खोलीत पियानो होता त्याच्यावर आली.

त्यानंतर आलेल्या प्रत्येकानं आत हवे तसे बदल केले. पण तो पोलादी सांगाडा त्या जुन्या दगडी भिंतींच्या आत अजून उभा आहे.

असो. सोमवारी मी कॉन्ट्रॅक्टरला केमिकल नको म्हणून सांगितलं. तो चिडला, मी शेवटचा हप्ता अडवून ठेवला, तो यायचा बंद झाला. आई महिनाभर मावशीकडे गेली. सोसायटीतल्याच एकांनी सुचवलेले एक वयस्कर प्लंबर आले, एक टाइल ठोकून म्हणाले, "खाली अजून एक फरशी आहे."

एक नाही, दोन निघाल्या. आमच्या टाइलखाली आधीच्या मालकांच्या टाइल आणि त्याखाली बिल्डरनं घातलेली मूळ फरशी. प्रत्येकानं वरूनच चिकटवलेलं. त्यामुळेच उंची वाढली होती आणि त्यामुळेच ढाळ दाराकडे गेला होता. वॉटरप्रूफिंगचा पत्ता नव्हता. नहाणी ट्रॅप आणि पाइपाच्या जोडात नुसतं सिमेंट थापलेलं, त्यातून बोट आत जाईल एवढी फट. तिन्ही थर निघाले, जोड बदलला, वॉटरप्रूफिंगचे हात मारले. मग जाळी बंद करून बाथरूममध्ये पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि तीन दिवस वाट पाहिली. मी दिवसातून चार वेळा काकूंकडे जाऊन छत बघायचो. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता बास कर, चहा घे."

एक्सेलमध्ये अजून नऊ नोंदी उघड्या आहेत. हॉलमधल्या चार पोकळ टाइलवर सतरंजी टाकलीय. त्यांनी हिरवा रंग मारला, आम्ही सतरंजी.

फोडलेल्या जमिनीचे, पाइपांचे, जोडांचे सगळे फोटो मात्र मी मापांसकट छापून आणले. घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्येच ठेवलेत. पाच-सात वर्षांनी आम्ही हा फ्लॅट विकूसुद्धा, तेव्हा ती फाइल चावीबरोबर द्यायची आहे.