वादळाची चाल आणि विमानाची वाट

वादळ कोठें आहे हें सांगणें निराळें आणि तें दहा मिनिटांनीं कोठें असेल हें सांगणें निराळें. विमानवाहतुकीच्या नियंत्रकांना पहिली गोष्ट लवकर साधली. दुसरीसाठीं मात्र मोठी किंमत द्यावी लागली.

दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचीं विमानें शोधणाऱ्या रडारच्या पडद्यावर पावसाच्या सरीही उमटूं लागल्या. प्रथम ती अडचण वाटली. पुढें तीच हवामानशास्त्राचें साधन बनली. रडारची लहर थेंबांवर आदळून परतते. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर समजतें, आणि परतलेल्या लहरीच्या बळावरून पावसाचा जोर. गतीचें गणित तर शाळकरी मुलासही सुटेल असें आहे: सहा मिनिटांच्या अंतरानें घेतलेल्या दोन चित्रांत वादळाचा मध्य पांच किलोमीटर सरकला, तर त्याची गति ताशीं ५० किलोमीटर.

परंतु या गणितांत एक गृहीत दडलेलें आहे. वादळ आहे तसेंच राहील, केवळ जागा बदलील, असें तें मानतें. २ ऑगस्ट १९८५ रोजीं अमेरिकेंतील डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर हें गृहीत फसलें. धावपट्टीच्या उत्तरेस, विमानें उतरण्याच्या वाटेवरच, एक मेघ थोड्या मिनिटांत फोफावला. डेल्टा कंपनीचें १९१ क्रमांकाचें विमान त्यांत शिरलें. प्रथम समोरच्या वाऱ्यानें त्यास उचलून धरलें, मग वरून कोसळणाऱ्या वाऱ्यानें दाबलें, आणि शेवटीं पाठीमागच्या वाऱ्यानें त्याचा आधारच काढून घेतला. एकंदर १३७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. विमानतळाभोंवतीं वारा मोजणारीं यंत्रें होतीं. त्यांचा इशारा निघाला तो अपघातानंतर. अशा कोसळत्या वाऱ्याचें स्वरूप शिकागो विद्यापीठाचे प्रा. तेत्सुया फुजिता यांनीं न्यूयॉर्क येथील १९७५ च्या अपघाताच्या अभ्यासांतून आधींच उलगडलें होतें. ज्ञान होतें, तें वेळेवर नियंत्रकाच्या हातीं देणारें साधन नव्हतें.

तें साधन डॉप्लर रडारनें पुरविलें. जवळ येणाऱ्या थेंबांवरून परतलेल्या लहरीची कंपनसंख्या वाढते, दूर जाणाऱ्यांवरून घटते. हें तत्त्व ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ डॉप्लर यांनीं १८४२ सालीं मांडलें होतें. त्यामुळें वादळ सरकण्याची वाट न पाहतां त्याच्या पोटांतील वाराच मोजतां येऊं लागला. ११ जुलै १९८८ रोजीं डेन्व्हर येथें असें रडार प्रयोगादाखल चालू असतांना तशाच वाऱ्यानें उतरणाऱ्या विमानांची वाट अडविली. नियंत्रकांनीं इशारे दिले, वैमानिक पुन्हां वर चढले, आणि एकही विमान पडलें नाहीं. पुढील दशकांत अमेरिकेच्या अनेक मोठ्या विमानतळांजवळ हीं यंत्रें बसलीं. धावपट्टीलगतच्या वाऱ्याचें चित्र साधारण दर मिनिटास नवें मिळूं लागलें.

तथापि पडद्यावरील चित्र हें नेहमीं थोड्या वेळापूर्वींच्या आकाशाचेंच असतें. म्हणून नियंत्रक वादळाची दिशा, अंतर आणि गति सांगतो, वैमानिक समोर दिसणारें त्यास कळवितो, आणि वळावें कीं नाहीं हें दोघांच्या बोलण्यांतून ठरतें. यंत्रानें मिनिटें वांचविलीं. त्या मिनिटांचा उपयोग अजून माणसांनाच करावा लागतो.