डच पाण्यावरची संथ सुट्टी

ट्यूलिपची शेते, पवनचक्क्या आणि ॲमस्टरडॅमचे कालवे एवढ्यावर नेदरलँड्सची ओळख सहसा संपते. अनेक डच कुटुंबे मात्र उन्हाळ्याची सुट्टी शहराबाहेरच्या तळ्यांवर आणि कालव्यांवर घालवतात. बोटीतच स्वयंपाक, बोटीतच झोप आणि दिवसभरात जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरचा प्रवास, असे या सुट्टीचे स्वरूप असते. देशात नौकानयनास योग्य असे सहा हजार किलोमीटरांहून अधिक जलमार्ग आहेत. त्यांतील बहुतेक मार्ग सहलीसाठी निर्माण झालेले नाहीत. इंधन मिळवणे, माल वाहणे आणि जमीन कोरडी ठेवणे या गरजांतून ते घडले आणि आजही त्यांतील अनेक कालवे ही कामे करीत आहेत.

इंधनाच्या शोधातून तळी

लाकडाची टंचाई असलेल्या या देशात शतकानुशतके ‘पीट’ जाळले जाई. पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाण्याखालून हा गाळ उपसून लांबट बांधांवर वाळवला जात असे. वादळांनी बांध खचले, की शेजारचे चर एकमेकांना मिळून तळे तयार होई. लोस्ड्रेख्त आणि व्हिंकेवेन येथील तळी अशीच जन्मली. व्हिंकेवेन येथे त्या बांधांचे अवशेष अरुंद बेटांच्या रूपाने आजही दिसतात. गिथोर्न हे गावही पीटच्या खोदकामातून आकाराला आले. तेथील जुन्या भागात घराघरांपुढे छोटे पूल आहेत आणि पर्यटक विजेवर चालणाऱ्या, जवळजवळ निःशब्द बोटींतून फिरतात.

हार्लेममेअरची कथा याच्या उलट आहे. हे तळे किनारे गिळत वाढत गेले आणि १८३६च्या वादळांत त्याचे पाणी ॲमस्टरडॅम व लायडनच्या वेशीपर्यंत पोहोचले. अखेर १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या तीन पंपगृहांनी ते रिकामे केले. त्यांपैकी क्रुकियस येथे आता संग्रहालय आहे, तर तळ्याच्या तळावर स्खिफोल विमानतळ उभा आहे. जुन्या तळ्याभोवतीच्या वर्तुळाकार कालव्यातून बोट जाते, तेव्हा शेते आणि घरे पाण्याच्या पातळीखाली असलेली दिसतात.

घोड्याच्या गतीने

१६३२ साली ॲमस्टरडॅम आणि हार्लेम यांदरम्यान प्रवासी बोटींसाठी सरळ कालवा खुला झाला. काठावरचा घोडा दोराने बोट ओढी आणि ती ताशी सुमारे सात किलोमीटर वेगाने, ठरलेल्या वेळापत्रकानुसार धावे. १८३९ साली देशातील पहिली रेल्वे याच दोन शहरांमध्ये सुरू झाली आणि पुढे या बोटी मागे पडल्या. आज अनेक लहान कालव्यांत वेगमर्यादा ताशी सहा किलोमीटर आहे. वेगाने काठ ढासळतात, हे त्यामागचे एक कारण. म्हणजे सुट्टीवर आलेला प्रवासी घोड्याच्या त्या जुन्या गतीहूनही किंचित सावकाश जातो.

फ्रीसलांडची अकरा शहरे

या छंदाचे माहेरघर म्हणजे उत्तरेकडील फ्रीसलांड प्रांत. स्नेक या गावाचे १६१३चे जलद्वार प्रसिद्ध असून ऑगस्टमध्ये जवळच्या तळ्यावर शिडाच्या नौकांच्या मोठ्या शर्यती होतात. पूर्वी पीट आणि शेतमाल वाहणाऱ्या सपाट बुडाच्या ‘स्कूत्शे’ नौकाही उन्हाळ्यात शर्यतींत उतरतात. प्रांतातील अकरा शहरांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची बर्फावरील स्केटिंग स्पर्धा १९०९ साली सुरू झाली. पुरेसा जाड बर्फच न झाल्याने १९९७ नंतर ती होऊ शकलेली नाही. उन्हाळ्यात या अकरा शहरांची परिक्रमा बोटीने करता येते. लेमर येथे १९२०चे वाफेवरचे वाउडा पंपगृह आहे. १९९८ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे आणि पाणी फार चढले, की आजही कामाला लावले जाते.

नियम आणि रीती

पंधरा मीटरपर्यंत लांबीची आणि ताशी वीस किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने न जाणारी खासगी बोट चालवण्यास परवाना लागत नाही. त्यामुळे नवख्यांनाही जुजबी शिकवणीनंतर बोट भाड्याने मिळते. बोट उजव्या बाजूने न्यावी आणि मालवाहू जहाजांपासून दूर राहावे, हे पहिले पाठ. पुलाचा लाल दिवा म्हणजे थांबा, लाल-हिरवा म्हणजे पूल उघडण्याच्या बेतात आहे आणि एकावर एक दोन लाल दिवे म्हणजे पूल सेवेत नाही. काही पुलांवर पूलरक्षक गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडून टोल घेतो, अशी जुनी रीत आहे. पाणी उतरणाऱ्या जलपाशात, म्हणजे पातळी बदलणाऱ्या बंदिस्त कप्प्यात, दोर घट्ट बांधू नये, अन्यथा बोट लटकते. फ्रीसलांडमध्ये १९५७ साली स्थापन झालेल्या ‘मारेक्रिटे’ या संस्थेच्या मोकळ्या धक्क्यांवर तीन दिवसांपर्यंत विनामूल्य मुक्काम करता येतो. शौचालयाचे सांडपाणी पाण्यात सोडण्यास २००९ पासून बंदी आहे. एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. त्याबाहेर अनेक पुलांच्या वेळा आखडतात.

पातळीचा प्रश्न

या निवांतपणामागे एक अवघड हिशेब आहे. पाण्याची पातळी ठरवण्याचे काम तेराव्या शतकापासून परंपरा असलेली जलमंडळे करतात. गाई आणि ट्रॅक्टर रुतू नयेत म्हणून शेतकऱ्यांना पाणी खाली हवे असते. पण कोरडे पडलेले पीट हवेशी संयोग होऊन झिजते, कर्बवायू सोडते आणि जमीन वर्षाला काही मिलिमीटर खचते, त्यासोबत घरांचे पायेही. पाणी वर ठेवावे, तर शेती अडचणीत येते. २०१८च्या दुष्काळात गोडे पाणी वाचवण्यासाठी काही जलपाश कमी वेळा उघडले गेले आणि बोटींना ताटकळावे लागले. संथ कालव्यातून जाणारी प्रत्येक बोट अशा रीतीने पातळीच्या एका निर्णयावर तरंगत असते. तो निर्णय दर पिढीला नव्याने घ्यावा लागतो.